ऑटोवर टाकलं नव्हतंस का?

अण्णांच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं आणि तो पाय दोन उशांवर ठेवलेला होता. अकलूजच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पुण्याहून निघाल्यापासून, काय बोलायचं, माफी कशी मागायची, याचीच जुळवाजुळव डोक्यात चालू होती. त्यातलं काहीच बोलायची वेळ आली नाही. मी स्टुलावर बसलो आणि अण्णांनीच विचारलं,

"ऑटोवर टाकलं नव्हतंस व्हय रं?"

आवाजात राग नव्हता. शेजारच्या शेतकऱ्याला मोटर का जळली हे विचारावं, तसा साधा प्रश्न. आणि त्या एका प्रश्नात माझी चूक इतकी नेमकी पकडली होती, की मला मान डोलावण्यापलीकडे काही करता आलं नाही.

नातेपुत्यापासून थोडं बाहेर आमची वस्ती आहे. पाच एकर, त्यात निम्मा ऊस, थोडा मका. नीरा उजव्या कालव्याचं पाणी पाळीनं येतं, बाकी भिस्त विहिरीवर. विहीर घरापासून अर्धा किलोमीटर. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास असते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-साडेबाराला लाइट येणार आणि माणूस बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीवर जाणार. थंडीत, पावसाळ्यात, साप-विंचवातून. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागायती गावात हे चित्र नवीन नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, तो याच त्रासापायी. पण आमच्या बांधावर अजून रात्र होती आणि अण्णा त्रेसष्ट वर्षांचे होते.

मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करतो. लोकांची मशीन रात्री-अपरात्री चालू राहावीत म्हणून मला पगार मिळतो. संक्रांतीला घरी गेलो तेव्हा ठरवलं, आता अण्णांनी रात्री विहिरीवर जायचं नाही.

बाजारात सिमकार्ड घातलेला मोबाइल स्टार्टर मिळतो. मिस्ड कॉल दिला की मोटर चालू होते. आमच्या भागात कितीतरी जणांकडे आहे. तो घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला त्यापेक्षा भारी काहीतरी करायचं होतं. मोटर चालू झाली का, पाइपातून खरंच पाणी पडतंय का, तिन्ही फेज आलेत का, हे सगळं मला पुण्यातून दिसायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला स्वतःचं इंजिनियरपण घरी दाखवायचं होतं.

मग मोटरीच्या खोलीत एक रास्पबेरी पाय ठेवला. तळहातावर मावणारा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स. स्टार्टरच्या हिरव्या-लाल बटणांना समांतर दोन रिले जोडले, एक कॅमेरा लावला, सिमकार्डवर चालणारा एक फोरजी राउटर ठेवला आणि लाइट गेली तरी डबा चालू राहावा म्हणून एक छोटी बॅटरी दिली.

आता अडचण अशी, की सिमकार्डावरच्या इंटरनेटला बाहेरून हाक मारता येत नाही. इंटरनेटचे जुने पत्ते, म्हणजे आयपीव्ही-४, मोजून ४२९ कोटींच्या घरात. ३ फेब्रुवारी २०११ ला त्यांचा जागतिक साठा संपला. मोबाइल कंपन्या हजारो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्याआड बसवतात. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच पत्रपेटी असावी, तसं. आतून बाहेर पत्र जातं, बाहेरून नेमक्या खोलीत येत नाही. म्हणून मी उलटं केलं. डब्यानंच आतून बाहेर जायचं, मी भाड्यानं घेतलेल्या एका सर्व्हरला गाठायचं आणि दोघांमध्ये एक बोगदा करायचा. मी पुण्यातून त्या सर्व्हरवर जाणार आणि तिथून बोगद्यानं थेट विहिरीवर. त्यासाठी वायरगार्ड वापरलं. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत ते थेट गाभ्यात आलं, त्यामुळे वेगळी खटपट लागत नाही.

बोगद्याच्या दोन्ही टोकांना एकेक नेटवर्क कार्ड लागतं. पण हे कार्ड खरं नसतं. त्याला वायर नाही, सोल्डरिंग नाही, मिणमिणता दिवा नाही. लिनक्स ते मेमरीत तयार करतं आणि बाकीच्या प्रोग्रॅमना सांगतं, हे एक कार्ड आहे, याच्यावर पाठवा. यालाच व्हर्च्युअल इंटरफेस म्हणतात. तुमच्या फोनवर व्हीपीएन चालू केल्यावर वर किल्लीचं चिन्ह येतं ना, त्या क्षणी तुमच्या फोननं असंच एक कार्ड जन्माला घातलेलं असतं. बंद केलंत की ते गेलं.

खरं कार्ड आणि हे कार्ड यांच्यातला फरक लाइट गेल्यावर कळतो. खरं कार्ड बोर्डावर चिकटवलेलं असतं. मशीन मेलं तरी ते जागेवर असतं आणि मशीन उठलं की लिनक्सला ते सापडतं. व्हर्च्युअल कार्ड मशीनबरोबर पूर्ण नाहीसं होतं. मशीन उठल्यावर ते कुणीतरी नव्यानं बनवावं लागतं, दर वेळी. कुणी बनवायचं, कधी बनवायचं, हे कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. लिहिलं नसेल तर मशीन छान उठतं, सगळं ठीक दिसतं, फक्त ते कार्ड नसतं.

हे मला माहीत होतं. माहीत होतं, हेच वाईट आहे.

लिनक्समध्ये दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एक 'स्टार्ट', म्हणजे आत्ता चालू कर. दुसरी 'इनेबल', म्हणजे यापुढे मशीन उठेल तेव्हा आपणहून चालू कर. इनेबल केल्यानं आत्ता काहीच घडत नाही. एका ठरावीक फोल्डरमध्ये फक्त एक शॉर्टकट तयार होतो आणि मशीन उठताना तो फोल्डर वाचतं. जुन्या डेबियन पद्धतीत तर एका फाइलमध्ये कार्डाचं वर्णन लिहायचं आणि त्याच्या वर एक ओळ, जिचा पहिला शब्द असतो 'ऑटो'. वर्णन कितीही अचूक लिहा, ती ऑटोची ओळ नसेल तर कार्ड आपोआप उठत नाही. अण्णांना हे काहीच माहीत नव्हतं आणि तरी त्यांनी तोच शब्द वापरला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोटरीच्या खोलीत बसून मी 'स्टार्ट' केलं. बोगदा लागला. मोबाइलवर विहिरीचं चित्र आलं. अण्णांच्या हातात फोन दिला, त्यांनी बटण दाबलं आणि मोटर उचलली. आईनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. त्या आनंदात मी 'इनेबल' करायचं विसरलो. दुपारच्या गाडीनं पुण्याला निघालो.

सतरा दिवस सगळं चाललं. रात्री लाइट आली की माझ्या फोनवर सूचना यायची, मी अंथरुणातूनच मोटर चालू करायचो. ठिबकचे व्हॉल्व्ह अण्णा संध्याकाळीच लावून ठेवायचे. लाइट रोज जात-येत होती, पण त्या छोट्या बॅटरीमुळे डबा एकदाही बंद पडला नाही. म्हणजे जी चूक पहिल्याच दिवशी उघडी पडली असती, ती मीच लावलेल्या बॅटरीनं झाकून ठेवली.

मग डीपी जळला.

डीपी जळण्याचं कारण इथं सांगायला हवं, कारण तेसुद्धा 'ऑटो'च आहे. मोटरीच्या स्टार्टरमध्ये एक कॉइल असते. लाइट गेली की ती सुटते आणि मोटर बंद होते. लाइट परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर चालू होत नाही. ही सुरक्षेची सोय. पण मध्यरात्री बटण दाबायला कोण जाणार, म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतात. लाइट आली की तो स्वतःच बटण दाबतो. एकाच्या पुरतं बघितलं तर फार सोयीचं. पण एका डीपीवर वीस मोटरी आहेत आणि सगळ्यांचे ऑटो चालू आहेत असं समजा. मोटर उचलताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. लाइट येते त्या सेकंदाला वीसच्या वीस मोटरी एकदम उचलतात, व्होल्टेज बसतं आणि डीपी जातो. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं करत आलंय, ते यामुळेच. अण्णांनी आमचा ऑटोस्विच केव्हाच काढून टाकला होता. सगळ्यांनी काढला नव्हता.

चार दिवस अंधार. बॅटरी संपली, डबा बंद पडला. पाचव्या दिवशी रात्री नऊला अण्णांचा फोन आला.

"डीपी बसलाय. आज रातची पाळी हाय. बघशील न्हवं?"

"बघतो अण्णा. तुम्ही झोपा."

साडेबाराला विहिरीवर लाइट आली. डबा उठला. कॅमेरा चालू झाला, रिले तयार झाले, राउटरला रेंज मिळाली. फक्त बोगद्याचं ते कार्ड कुणी बनवलं नाही. माझ्या स्क्रीनवर 'ऑफलाइन' असंच दिसत राहिलं. चार दिवस तेच बघत होतो, मला वाटलं लाइटच आली नसेल. मी झोपलो. एक वाजून दहा मिनिटांनी अण्णांचे दोन मिस्ड कॉल होते. फोन सायलेंटवर होता.

वस्तीवरून मोटरीचा आवाज ऐकू येतो. तो येईना, मी फोन उचलेना. ऊस चार दिवस वाळला होता. अण्णा उठले, फोन चार्जिंगला लावून ठेवला आणि बॅटरी घेऊन निघाले. पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात त्यांचा पाय गेला. घोटा मोडला. फेब्रुवारीच्या थंडीत ते दोन तास तिथंच बसून होते. साडेतीनला आईला जाग आली, बाजूचं अंथरूण रिकामं दिसलं.

हे सगळं मला आईनं पहाटे फोनवर सांगितलं. एसटीत बसल्यावर मी फोनमधून सर्व्हरची नोंद उघडून बघितली. वायरगार्डमध्ये समोरच्या टोकाशी शेवटचा हात कधी मिळवला याची वेळ दिसते. आमच्या डब्याची वेळ तीन दिवसांपूर्वीची होती. लोणंद यायच्या आधीच मला कळलं होतं, की मी इनेबल केलं नव्हतं. एक शब्द. टाइप करायला पाच सेकंद लागतात.

ऑफिसमध्ये असं झालं की आम्ही एक अहवाल लिहितो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. त्यात कुणालाही दोष द्यायचा नाही असा नियम असतो. चांगला नियम आहे. पण तो अहवाल वडिलांच्या घोट्यावर कसा लिहायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

चौथ्या दिवशी अण्णांना घरी आणलं. मी आठवड्याची रजा टाकली होती. डबा घरी उचलून आणला, टीव्हीला जोडला आणि अण्णांच्या कॉटसमोरच बसलो. इनेबल केलं. मग मशीनलाच सांगितलं की स्वतःला बंद करून पुन्हा चालू हो. झालं तसं. कार्ड आलं. मी म्हणालो, "झालं अण्णा."

"असं न्हाई. लाइट घालवून बघ."

"तेच केलं की आत्ता."

"तू त्याला सांगून बंद केलास. लाइट काय सांगून जाती व्हय? बटण काढ सगळ्यांचं. राउटरचं बी."

मी बोर्डाचं मुख्य बटण बंद केलं, बॅटरीची वायर काढली. पाच मिनिटं थांबून पुन्हा लावलं. डबा उठला. बोगदा लागला नाही.

अण्णा हसले. मला हसू आलं नाही. ते घरी बसून उशीवर पाय ठेवून जे सांगत होते, ते मी नोकरीत दुसऱ्यांना शिकवतो.

कारण शोधायला अर्धा तास लागला. डबा अर्ध्या मिनिटात उठत होता. फोरजी राउटर त्याहून सावकाश. तो आधी घरातल्या मशीनना पत्ते वाटायला लागायचा आणि टॉवरला नंतर जोडला जायचा. डब्याला राउटरकडून पत्ता मिळाला, की त्याला वाटायचं नेटवर्क आलं. मग तो बोगदा खणायला घ्यायचा, त्यासाठी माझ्या सर्व्हरचं नाव विचारायचा आणि उत्तर द्यायला बाहेर अजून कुणीच नसायचं. थोडा वेळ पुन्हा पुन्हा विचारून तो हार मानायचा. एकदा हार मानली की मग कायमची. दोन मिनिटांनी राउटर टॉवरला जोडला गेला तरी डब्याला त्याचं काही नसायचं.

आई शेंगा निवडत ऐकत होती. तिला सांगायचं म्हणून मी म्हणालो, "पालखी निघताना कर्णा तीनदा होतो ना, तसं आहे. पहिल्याला उठायचं, तिसऱ्याला निघायचं. हा दुसऱ्यालाच निघतो."

माउलींची पालखी दरवर्षी नातेपुत्याला मुक्कामाला असते, त्यामुळे कर्ण्याचं आईला सांगावं लागत नाही. ती म्हणाली, "मग वाट चुकंल न्हाई तर काय."

अण्णा मात्र वेगळ्याच गोष्टीवर होते. "टायमर न्हाई का त्याला?" त्यांनी विचारलं. "चांगल्या ऑटोला टायमर असतो. लाइट आली की लगेच उचलायचं न्हाई. दोन-तीन मिनिटं होल्टेज बघायचं. तिन्ही फेज आल्यात का बघायचं. न्हाई आल्या तर उचलायचंच न्हाई, परत थोड्या वेळानं बघायचं."

मी तेच लिहिलं. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्स उठताना कोणी कुणानंतर उठायचं हे बघणारा जो कारभारी असतो, त्याला दोन ओळी दिल्या. अपयशी झालास तर सोडू नकोस. तीस सेकंदं थांब आणि पुन्हा कर. कितीही वेळा. मग पुन्हा सगळ्यांची लाइट घालवली. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी बोगदा लागला.

मग आणखी एक कल्पना डोक्यात आली. आता बोगदा आपोआप लागतोच आहे, तर मोटर पण आपोआप चालू करून टाकू. तिन्ही फेज आले, पाच मिनिटं टिकले, की डब्यानंच हिरवा रिले दाबायचा. कुणाला रात्री उठायलाच नको. मलाही नाही. दहा ओळींचं काम होतं. मी उत्साहानं सांगितलं.

अण्णांनी मान हलवली. "मोटर न्हाई टाकायची ऑटोवर."

"टायमर लावतो की. डीपीला त्रास नाही होणार."

"डीपीचं न्हाई म्हणत मी. पाइप निसटला असला, व्हॉल्व्ह कुणी फिरवला असला, विहिरीत पाणीच नसलं, तर त्या डब्याला काय कळणार? मोटर माणसानं बघून लावायची. तुझी ती वाट ऑटो पाहिजे. वाट आपोआप उघडली पाहिजे. पुढचं माणूस बघंल."

मी ते दहा ओळींचं काम केलं नाही. यावर नंतर खूप विचार केला. मी सांभाळतो त्या सर्व्हरवर उठताना आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक असते. कुणीतरी कधीतरी सोय म्हणून टाकलेल्या. आपल्या फोनचंही तसंच आहे. सुरू केला की किती ॲप आपल्याला न विचारता जागी होतात, कुणी मोजतं का? आणि ज्या एका गोष्टीनं खरंच उठायला हवं असतं, तिच्यापुढं ती ओळ लिहायची राहून जाते. अण्णांनी एका वाक्यात दोन ढीग करून दिले होते. मदत पोचायची वाट आपोआप उघडली पाहिजे. जिच्यानं काही फुटू शकतं, वाहून जाऊ शकतं, ती गोष्ट माणसाच्या हातात.

आणि माणूस म्हणजे त्यात मीही आलो. आता लाइट येऊन दहा मिनिटांत बोगदा लागला नाही, तर सर्व्हर मला फोन करतो. सूचना नाही, फोन. रिंग वाजते, सायलेंट असला तरी वाजते, अशी सेटिंग केली आहे. अण्णांचा नंबरही त्याच यादीत टाकला आहे. तो आधीच तिथं असायला हवा होता.

घोटा आता बरा आहे. चढावर थोडं दुखतं म्हणतात. चर मी बुजवून घेतला. रात्रीच्या पाळीला मी पुण्यातून मोटर चालू करतो आणि पाइपातून पाणी पडताना दिसलं की अण्णांना एक मेसेज टाकतो. मेसेज टाकल्यावर लगेच त्याच्या दोन्ही खुणा निळ्या होतात. म्हणजे ते जागेच असतात. झोपा म्हटलं तर म्हणतात, लाइट आली की डोळा उघडतोच, चाळीस वर्षांची सवय आहे.

दर रविवारी सकाळी काठी टेकत ते विहिरीवर जातात, बोर्डाचं मुख्य बटण पाडतात, बॅटरीची वायर काढतात आणि पाच मिनिटांनी परत लावतात. मी त्यांना हे करायला सांगितलेलं नाही. मग खोलीबाहेर दगडावर बसून घड्याळ बघतात. त्यांना टाइप करायला आवडत नाही, म्हणून व्हॉइस मेसेज येतो. बहुतेक वेळा त्यात मागं पाखरांचा आवाज असतो आणि एकच शब्द.

"आला."